पिकासातून डिजिकॅमकडे जाताना : आधी फोटोंची माहिती हलवा, मग फोटो

मोर्शी तालुक्यातील आमच्या गावातला माझा फोटो स्टुडिओ लहान आहे. पण लग्ने, बारशी, पोळा, गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने आणि संत्र्याच्या बागा असे सुमारे ९० हजार फोटो संगणकात साठलेले आहेत. ते सारे कित्येक वर्षे पिकासा या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले होते. गुगलने १५ मार्च २०१६ पासून पिकासाचा आधार (सपोर्ट) बंद केला आणि त्याचे अधिकृत डाउनलोडही थांबवले, तरी आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंत आणि घरांत ते अजून चालू आहे, कारण ते हलके आहे आणि जुन्या संगणकावरही अडखळत नाही. आता मात्र विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे अनेकांना संगणक बदलावा लागेल आणि त्याबरोबर हा जुना सोबतीही सोडावा लागेल. मी डिजिकॅम निवडले. ते मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे, ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि त्यासाठी फोटो इंटरनेटवर चढवावे लागत नाहीत. गावातील इंटरनेटचा वेग पाहता ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेणे सोपे असते. त्या फोटोंबद्दल आपण वर्षानुवर्षे जे लिहून ठेवले, म्हणजे कोण कुठे बसले आहे, कोणता फोटो निवडला, कोणता कापून नीट केला, ते सोबत जाईलच असे मात्र नसते. ही माहिती पुष्कळदा फोटोत नसून जुन्या सॉफ्टवेअरच्या वहीत असते. ती वही मागे राहिली की फोटो शाबूत असूनही मुके होतात. म्हणून या लेखाचा अर्धा भाग नवे सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वीच्या कामाचा आहे.

पिकासा काय कुठे ठेवते

प्रत्येक फोल्डरमध्ये पिकासा स्वतःची एक लहानशी लपवलेली फाइल तयार करते. तिचे नाव 'पिकासा' असून शेवटी 'आयएनआय' येते. फोटोला दिलेला तारा, चेहऱ्यांची जागा आणि आपण केलेले पण 'सेव्ह' न केलेले बदल या फाइलीत असतात. पिकासात एखादा फोटो कापला, उजळ केला, लाल डोळे दुरुस्त केले, तरी मूळ फाइलीला हातही लागलेला नसतो. फोटो उघडताना ही वही वाचून पिकासा तो बदललेला दाखवते. दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर तोच फोटो जसा कॅमेऱ्यातून आला तसा दाखवील. बदल 'सेव्ह' केले तर ते फोटोत उतरतात आणि मूळ प्रत त्याच फोल्डरातील 'पिकासा ओरिजिनल्स' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात राहते.

जेपीईजी फोटोला दिलेली ओळ, म्हणजे कॅप्शन, आणि टॅग हे दोन्ही पिकासा थेट फोटोच्या पोटात लिहिते. ते सुरक्षित असतात. अल्बमचे तसे नाही. पिकासातील अल्बम ही केवळ एक यादी असते. त्यातील फोटो निरनिराळ्या फोल्डरांत पडलेले असतात आणि यादीबाहेर त्या अल्बमला अस्तित्व नसते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी जुनी डिस्क कुरकुर करू लागली म्हणून जिल्ह्याच्या गावातील एका दुकानातून सगळे फोटो नव्या डिस्कवर उतरवून घेतले. तिथल्या माणसाने प्रत्येक फोल्डर उघडून आतील सर्व फोटो निवडले आणि नवे फोल्डर करून त्यात चिकटवले. लपवलेल्या फाइली पडद्यावर दिसत नव्हत्या, त्यामुळे त्या निवडल्याही गेल्या नाहीत. फोटोंची संख्या तंतोतंत जुळली. पण एका लग्नाचा अल्बम छापायला काढला, तेव्हा मी तीन रात्री बसून कापलेले दोनशेच्या वर फोटो पुन्हा मंडपाचे बांबू, पंखे आणि खुर्च्यांसह समोर आले. जुनी डिस्क तोवर पूर्ण बंद पडली होती. म्हणून फोटो नेहमी संपूर्ण फोल्डर बाहेरून धरून न्यावेत. आत शिरून फोटो निवडू नयेत. आणि 'कट' तर कधीच करू नये, केवळ 'कॉपी' करावे.

पहिली प्रत

पुढील कामात फोटोंच्या फाइली बदलणार आहेत, म्हणून आधी एक संपूर्ण प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेणे आवश्यक आहे. जुन्या यूएसबी २.० च्या खाचेतून ४०० जीबी उतरायला साडेतीन ते चार तास सहज लागतात. निळ्या रंगाची यूएसबी ३.० ची खाच असेल तर साध्या पोर्टेबल डिस्कवरही दीड-दोन तासांत काम होते. लहान लहान फाइली फार असतील तर वेळ वाढतो. हा हिशेब आधी करावा, कारण आपल्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि कॉपी चालू असताना पोर्टेबल डिस्कची वीज तुटली तर अर्धवट फाइली राहतातच, कधी डिस्कची मांडणीही बिघडते. लॅपटॉप असल्यास त्याच्या बॅटरीचा आधार मिळतो. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असताना, शक्यतो एकेका वर्षाचे फोल्डर घेऊन काम करावे.

मे महिन्यात दुपारी हे काम करू नये, असे मी आवर्जून सांगेन. अनेक पोर्टेबल डिस्क साधारण ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात चालवाव्यात असे कंपन्या सांगतात आणि आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असताना पत्र्याखालच्या खोलीत डिस्कला हात लावता येत नाही. पहाटे पाच वाजता सुरू करावे, डिस्क कापडावर किंवा गादीवर न ठेवता फरशीवर ठेवावी.

कॉपी संपल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत या दोन्हींवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स ताडून पाहावेत. त्यानंतर वेगवेगळ्या वर्षांतील वीस-पंचवीस फोटो प्रत्यक्ष उघडून बघावेत. संख्या जुळणे म्हणजे फोटो उघडणे नव्हे.

वहीतील माहिती फोटोत उतरवणे

प्रत हाती आल्यावर पिकासात परत यावे. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि मला त्याला दीड आठवडा लागला, पण या सर्व कामाचे सार येथेच आहे.

सुरुवात अल्बमपासून करावी. एक अल्बम उघडावा, त्यातील सर्व फोटो निवडावेत आणि कंट्रोलसह टी दाबून त्या सर्वांना अल्बमच्याच नावाचा टॅग द्यावा. यादी पुढे नाहीशी झाली तरी प्रत्येक फोटोच्या पोटात अल्बमचे नाव राहते. ताऱ्यांसाठीही हाच मार्ग आहे : केवळ तारा दिलेले फोटो दाखवणारी गाळणी लावावी, सगळे निवडावेत आणि 'निवडक' असा टॅग द्यावा.

टॅग देताना मराठी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, जी मला कोणी सांगितली नव्हती. फोटोत टॅग लिहिण्याची आयपीटीसी नावाची जुनी पद्धत आहे आणि तिच्यात एका टॅगला ६४ बाइट्सची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, पण युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन बाइट्स लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे झाली. 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज पुण्यतिथी' हा टॅग घेऊन मोजून पाहा : 'राष्ट्रसंत' या एका शब्दाची दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट्स; 'तुकडोजी'चे २१; मधल्या दोन जागांचे दोन. एकूण ५३ झाले आणि 'महाराज' पूर्ण होण्याआधीच मर्यादा संपली. 'पुण्यतिथी' तर बाहेरच राहिली. एक्सएमपी या नव्या पद्धतीत अशी मर्यादा नाही, पण जुन्या सॉफ्टवेअरवर विसंबून राहू नये. 'मोझरी' आणि 'पुण्यतिथी' असे दोन छोटे टॅग द्यावेत. लांब मजकूर कॅप्शनमध्ये लिहावा.

फोटोंची यादी पूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर ती जशीच्या तशी टॅगमध्ये चिकटवल्यास निरर्थक रोमन अक्षरे आणि खुणा उमटतात, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षराचे केवळ रूप मराठी असते. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. र्‍हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा बदलतात.

यानंतर चेहऱ्यांची नावे. पिकासाच्या ३.९ या आवृत्तीत 'टूल्स' मेनूतील 'एक्सपेरिमेंटल' या उपमेनूत चेहरे एक्सएमपीत लिहिण्याची सोय आहे. ती चालवली की प्रत्येक चेहऱ्याभोवतीची चौकट आणि त्या व्यक्तीचे नाव फोटोच्या आत लिहिले जाते आणि डिजिकॅम ते वाचू शकते. हजारो फाइली यात पुन्हा लिहिल्या जातात, म्हणून वर सांगितलेली प्रत घेतल्याशिवाय हे करू नये. आधी एका लहान फोल्डरवर करून पाहावे.

या एका कामासाठी मी इतका आग्रह का धरतो ते सांगतो. मागील वर्षी जवळच्या गावातील एक ताई आल्या. त्यांचे वडील कास्तकार होते, महिन्याभरापूर्वी वारले होते, आणि तेरवीच्या वेळी ठेवायला घरात आधार कार्डावरचा सोडून दुसरा फोटो नव्हता. "भाऊ, आमच्या बाबाचा एखादा फोटो असन काय तुमच्यापाशी?" असे त्यांनी फार संकोचाने विचारले. तो माणूस माझ्याकडे कधी फोटो काढायला आलेला नव्हता. पण मी नाव टंकले आणि अकरा फोटो निघाले : तीन दुसऱ्यांच्या लग्नातले, पंगतीत बसलेले, आणि बाकीचे सगळे पोळ्यातले. एकात ते बैलाच्या शिंगांना लावलेला बेगड अंगठ्याने दाबून बसवत आहेत आणि बैलाने मान त्यांच्या खांद्यावर टेकवलेली आहे. ताईंनी तोच निवडला. कोण्या एका वर्षी, सावकाशीने, मी त्या फोटोवर नाव लिहिले होते म्हणून तो सापडला.

शेवटी न जतन केलेले बदल. ज्या फोल्डरातील कापलेले व सुधारलेले फोटो तुम्हाला तसेच हवे आहेत, तेथे 'सेव्ह' करावे. जेपीईजी पुन्हा लिहिताना दर्जा थोडा घसरतो, म्हणून सरसकट सगळ्या फोल्डरांवर हे करण्यात अर्थ नाही; मी ग्राहकांना दिलेल्या अल्बमांपुरतेच केले. सारे झाल्यावर या सुधारलेल्या संचाची दुसरी प्रत घ्यावी आणि पहिली प्रतही तशीच राहू द्यावी.

डिजिकॅम सुरू करणे

डिजिकॅम प्रथम उघडले की ते काही प्रश्न विचारते आणि त्यातील तीन उत्तरे महत्त्वाची आहेत. फोटो कुठे आहेत, या प्रश्नाला मुख्य फोल्डर दाखवावे. माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, कुठे ठेवायचा, याला संगणकाच्या आतील डिस्कवरील जागा द्यावी. पोर्टेबल डिस्कवर किंवा नेटवर्कवर तो ठेवू नये. संगणकात एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर डेटाबेस तिच्यावर ठेवल्याने कामाचा वेग स्पष्ट वाढतो. तिसरा प्रश्न माहिती फाइलींमध्ये लिहावी की काही करू नये, असा असतो. येथे फाइलींत लिहिण्याचा पर्याय निवडावा. 'काही करू नये' निवडल्यास तुमचे नवे टॅग पुन्हा एका वहीतच अडकतील आणि दहा वर्षांनी हेच सारे काम तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना परत करावे लागेल. ही निवड नंतर 'सेटिंग्ज'मधील 'मेटाडेटा' या भागात बदलता येते.

फोटो पोर्टेबल डिस्कवर असतील तर 'कलेक्शन्स' या भागात ते 'रिमूव्हेबल मीडिया' म्हणूनच जोडावेत, म्हणजे डिस्क काढलेली असताना डिजिकॅम ते फोटो नाहीसे झाले असे न मानता डिस्कची वाट पाहते.

पहिली तपासणी मोठ्या संचाला काही तास घेते. ती रात्री लावून द्यावी. सकाळी टॅगांच्या यादीत पिकासातून आलेली सर्व नावे दिसली पाहिजेत. माझ्या यादीत 'पोळा' तीन रूपांत आला : एक देवनागरीत, एक रोमन लिपीत आणि एक 'पोला' असा चुकलेला. डिजिकॅममध्ये एका टॅगखाली दुसरा ठेवता येतो, म्हणून मी हे तिन्ही एकत्र करून 'सण' या टॅगखाली 'पोळा' आणि त्याखाली 'तान्हा पोळा' अशी मांडणी केली. 'संत्रा' या टॅगखाली 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार' आले. अशी मांडणी पहिल्या महिन्यातच करावी, कारण नंतर टॅग वाढत जातात आणि हात लावायला जीव होत नाही.

पिकासाची सवय असलेल्यांसाठी येथे एक गंभीर धोका आहे. पिकासात अल्बम पुसला तर केवळ यादी जाते, फोटो राहतात. डिजिकॅममध्ये अल्बम म्हणजे डिस्कवरील खरे फोल्डर असते. तो पुसला तर फोटोच जातात. ते विंडोजच्या कचरापेटीत न जाता डिजिकॅमच्या स्वतःच्या कचरापेटीत पडतात. तेथून परत आणता येतात, पण ती पेटी रिकामी केली की संपले. स्टुडिओत मदतीला असणाऱ्या पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

चेहरे आपोआप ओळखण्याची सोयही डिजिकॅममध्ये आहे. त्यासाठी लागणाऱ्या फाइली पहिल्या वेळी उतरवाव्या लागतात आणि त्या शेकडो एमबींच्या असतात, म्हणून दिवसाचा मोबाइल डेटा शिल्लक पाहूनच हे करावे. फेटे आणि मुंडावळ्या असलेल्या चेहऱ्यांवर माझा अनुभव संमिश्र आहे. सुचवलेले नाव बघितल्याशिवाय मान्य करू नये.

तारखा

जुन्या कॅमेऱ्यांतील लहान बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि सगळे फोटो कुठल्यातरी जुन्या १ जानेवारीचे होतात. डिजिकॅममध्ये 'आयटम' मेनूतून अशा संपूर्ण संचाची तारीख आणि वेळ एकदम पुढे-मागे करता येते. एका फोटोची खरी वेळ माहीत असली की पुरते. लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त मला अनेकदा उपयोगी पडला आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंतून काढल्याची वेळ निघून गेलेली असते, पण त्यांच्या नावात पाठवल्याची तारीख असते आणि ती फाइलीच्या नावातून उचलण्याचाही पर्याय आहे.

ही केवळ नीटनेटकेपणाची गोष्ट नाही. गारपिटीने विमा उतरवलेल्या बागेचे नुकसान झाले तर ठरलेल्या मुदतीत सूचना द्यावी लागते, आणि कास्तकार तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. असे फोटो स्टुडिओत आणायचे असतील तर ते तारेने किंवा कार्डातून थेट आणावेत, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नयेत, आणि त्यांची तारीख आपण कधीही बदलू नये. मी अशा फोटोंचे फोल्डर वेगळे ठेवतो.

एकसारखे फोटो

डिस्क भरलेली असते, त्यामुळे दुबार फोटो शोधण्याचा मोह लगेच होतो. पहिले तीन महिने त्या वाटेला जाऊ नये. डिजिकॅम सारखेपणा टक्क्यांत मोजते, आणि मंगलाष्टकांच्या वेळी एकापाठोपाठ एक काढलेले सहा फोटो त्याला सारखेच वाटतात. त्यातील एकातच नवरीचे डोळे उघडे असतात. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, म्हणून एकाच नावाचे दोन फोटो वेगळेही असू शकतात. नावावरून काहीही पुसू नये.

जुना संगणक मी अजून विकलेला नाही. त्यावर पिकासा तसेच आहे, इंटरनेट काढून ठेवले आहे आणि एखाद्या जुन्या अल्बमबद्दल शंका आली की तो चालू करून ताडून पाहतो. येता पोळा आणि त्यानंतरची लग्नसराई डिजिकॅमवर पूर्ण झाली की तो बंद करीन. फोटोंची दुसरी प्रत स्टुडिओत न ठेवता बहिणीच्या घरी, वरुडला, लोखंडी कपाटात ठेवली आहे. दर अमावास्येला वरुडला सामान आणायला गेलो की तेथे थांबून नव्या फोल्डरांची भर त्या प्रतीवर घालतो आणि प्रत्येक वेळी एखादे जुने फोल्डर उघडून, फोटोच्या कडेला नावे दिसतात की नाही, ते बघतो.